हॅरल्ड जिंकला असता, तरी लंडनच

'१०६६ साली हेस्टिंग्जला हॅरल्ड जिंकला असता, तर इंग्लंडची राजधानी विंचेस्टरच राहिली असती. लंडन मोठं केलं ते नॉर्मनांनी, एरवी ते टेम्सकाठचं खेडंच.' इतिहासाच्या गप्पांत हा दावा हमखास फिरतो. (हॅरल्ड हा इंग्लंडचा राजा; हेस्टिंग्जच्या लढाईत तो उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या ड्यूक विल्यमकडून हरला.) ऐकायला झकास आहे, पण तपासायला घेतला की एकेक टाका उसवतो.

आधी 'राजधानी'. अँग्लो-सॅक्सन, म्हणजे नॉर्मनांआधीच्या इंग्रज राजाचा दरबार घोड्याच्या पाठीवर असायचा. त्याची सल्लागार सभा कधी विंचेस्टरला भरे, कधी ऑक्सफर्डला, ग्लॉस्टरला, तर कधी लंडनला. विंचेस्टरचा मान मोठा होता, हे कबूल. वेसेक्सच्या (दक्षिण इंग्लंडातल्या जुन्या राज्याच्या) राजांच्या कबरी तिथे, इंग्लंडवर राज्य केलेला डॅनिश क्नूटही तिथेच पुरला गेला. पण मान वेगळा, पैसा वेगळा.

दहाव्या शतकाच्या पूर्वार्धातल्या राजा ॲथेलस्टनच्या कायद्यात नाणी पाडणारे कुठे किती असावेत ते दिलंय: विंचेस्टरला ६, लंडनला ८. १०१८ मध्ये क्नूटने खंडणी वसूल केली, तेव्हा बाकीच्या इंग्लंडवर ७२,००० पौंड बसले आणि एकट्या लंडनवर साडेदहा हजार. खेड्याकडून एवढं कोण मागतं?

माझा आवडता पुरावा मात्र लंडनच्या बिलिंग्जगेट धक्क्याचा जकातनामा, राजा एथेलरेडच्या नावावरचा, सुमारे इ.स. १००० चा. लहान नावेला अर्धा पेनी, शिडाच्या मोठ्या नावेला एक पेनी. जर्मन सम्राटाच्या व्यापाऱ्यांनी नाताळला आणि पुन्हा ईस्टरला द्यायचं काय? तीन कापडं, पाच जोड हातमोजे, व्हिनेगर आणि दहा पौंड मिरी. मिरी! म्हणजे आपल्या मलबारकडचा माल टेम्सच्या धक्क्यावर जकातीत मोजला जात होता. याच यादीत वाइन आणि देवमाशाचं मांस आणणारे रूआँचे लोकही आहेत. रूआँ म्हणजे नॉर्मंडी. लंडन 'घडवायला' येण्याच्या कितीतरी आधी नॉर्मन तिथे निमूट जकात भरत होते.

राहिला सत्ता लंडनला हलवण्याचा मुद्दा. लंडनलगतच्या वेस्टमिन्स्टरला राजवाडा आणि ॲबी (मठाचं चर्च) उभारली हॅरल्डच्या आधीच्या राजा एडवर्डने. २८ डिसेंबर १०६५ ला ॲबीचा अभिषेक झाला, आठवड्याभरात एडवर्ड गेला, आणि ६ जानेवारीला हॅरल्डने मुकुट घातला तोही बहुधा तिथेच. उलट विल्यमने विंचेस्टर सांभाळलं. ईस्टरला तो तिथे मुकुट घालून बसे, खजिनाही तिथेच ठेवला. साउदॅम्प्टन वीसेक किलोमीटरवर आणि इंग्लिश खाडीपलीकडे त्याची नॉर्मंडी, त्यामुळे ते सोयीचंच होतं. लंडनकरांना दिलेली त्याची सनद वीतभरही लांब नाही, तीही त्यांच्याच इंग्रजीत: एडवर्डच्या वेळी होते तेच हक्क चालू राहतील. नवं काही नाही.

म्हणजे हॅरल्ड जिंकता, तर नॉर्मंडीचा धागा तुटून विंचेस्टर आणखी लवकर मागे पडलं असतं. जर-तर खेळायचंच असेल, तर हेस्टिंग्जच्या १९ दिवस आधीची, उत्तरेकडच्या यॉर्कजवळची स्टॅमफर्ड ब्रिजची लढाई घ्या. तिथे नॉर्वेचा हाराल्ड जिंकला असता, तर राजधानी म्हणून यॉर्कच्या बाजूने भांडायला थोडी जागा होती.