क्रिस्टल वाढतो म्हणजे नेमकं काय होतं? एका कमेंटला उत्तर

तुमची कमेंट दोनदा नीट वाचली. निर्जीव दगड "वाढतो" असं लिहून मी दिशाभूल करतेय, इतक्या सपाट बाजू कुणी घासल्याशिवाय येणारच नाहीत, आणि चकचकीत क्रिस्टल ग्लासला क्रिस्टल न म्हणता ओबडधोबड ग्रॅनाइटला म्हणायचं हे उफराटं आहे, असं तुमचं म्हणणं. शिवाय क्रिस्टल व्हायला "आधी द्रव लागतोच" हे माझ्या आधीच्या लेखातलं वाक्य बर्फाला लागू होत नाही, हा मुद्दा. उत्तर लांबणार आहे, कारण या विषयावर माझा फार जीव आहे.

क्रिस्टल म्हणजे स्फटिक, ज्यात अणू एका ठरावीक मांडणीत रांगेने बसलेले असतात. झाड वाढतं तसा तो वाढत नाही हे मान्यच. त्याला पेशी नाहीत. बाहेरून एकेक अणू, रेणू किंवा आयन (विद्युतभार असलेला कण) येऊन पृष्ठभागावर बसतो, पण तो ढिगासारखा कुठेही पडत नाही, खालच्या थराची जी मांडणी असते तीच पुढे चालू ठेवतो.

आता सपाट बाजूंचं. मी तुरटीच्या संपृक्त पाण्यात, म्हणजे आणखी तुरटी विरघळणार नाही अशा पाण्यात, दोऱ्याला बांधून एक खडा वाढवला होता, अंगठ्याच्या नखाएवढा झाला आणि बघायला बाहेर काढला तर हातातून पडून एक टोक उडालं. वाईट वाटलं, पण परत पाण्यात सोडला आणि तीन दिवसांनी बघते तर टोक भरून आलेलं, आठही त्रिकोणी बाजू जागच्या जागी! बाकीचा खडा मात्र तेवढ्यात जेमतेमच वाढला होता. तुटलेल्या जागी खाचखळगे असतात, तिथे येणाऱ्या आयनला दोन-तीन बाजूंनी शेजारी मिळतात, म्हणून तो टिकतो आणि ती जागा भराभर भरते. सपाट बाजूवर एकट्याने येऊन बसणाऱ्याला फक्त खालचा आधार, तो बऱ्याचदा सुटून परत पाण्यात जातो. म्हणजे जे भाग भराभर वाढतात ते भरून नाहीसे होतात आणि सगळ्यात सावकाश वाढणाऱ्या बाजू शिल्लक राहतात, त्याच आपल्याला सपाट दिसतात. घासायला कुणी लागत नाही.

स्टेनो या डॅनिश शास्त्रज्ञाने १६६९ मध्येच लिहून ठेवलंय की क्वार्ट्झचा (गारगोटीचा) खडा लहान असो, मोठा असो, वेडावाकडा वाढलेला असो, त्याच त्या बाजूंमधले कोन बदलत नाहीत, उभ्या बाजूंमध्ये १२० अंश म्हणजे १२० अंशच. यामागे आतली शिस्त आहे याचा थेट पुरावा १९१२ मध्ये एक्स-रे वापरून मिळाला. लगेच ब्रॅग या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पितापुत्रांनी मिठाची रचना उलगडली, सोडियम-क्लोरीन आलटून पालटून, चौकटीत बसलेले. मिठाचे दाणे चौकोनी का, ते तिथे कळतं.

आणि मोठं व्हायला घाई चालत नाही. मेक्सिकोतल्या नाइका खाणीत २००० साली सुमारे ३०० मीटर खोल एक गुहा सापडली, तिच्यात जिप्समचे (ज्यापासून प्लास्टर ऑफ पॅरिस करतात त्या खनिजाचे) ११ मीटरच्या आसपास लांबीचे क्रिस्टल आहेत. खालच्या मॅग्माच्या, म्हणजे वितळलेल्या खडकाच्या, उष्णतेने पाणी ५८ अंशांच्या किंचित खाली लाखो वर्षं टिकून राहिलं, त्यात ॲनहायड्राइट (जिप्समसारखंच, पण पाण्याचा अंश नसलेलं खनिज) अगदी हळूहळू विरघळत होतं आणि त्याचंच जिप्सम होऊन बसत होतं. नवे क्रिस्टल फार थोडे सुरू झाले, म्हणून जे सुरू झाले तेच वाढत राहिले.

पारंपरिक क्रिस्टल ग्लासची चमक त्यात घातलेल्या शिशामुळे असते. आतले अणू मात्र रांगेत लागायच्या आतच गोठलेले, त्यामुळे ती काचच. ग्रॅनाइटचा वितळलेला रस जमिनीखाली सावकाश थंड होतो, त्यातली क्वार्ट्झ, फेल्डस्पार, अभ्रक ही खनिजं एकमेकांना खेटून वाढतात आणि बाजू दाखवायला जागाच उरत नाही. ताजा फुटलेला तुकडा उन्हात फिरवून बघा, फेल्डस्पारचे सपाट तुकडे आरशासारखे चमकतील. तोच रस ज्वालामुखीतून बाहेर येऊन झटकन थंड झाला तर ऑब्सिडियन, म्हणजे परत काच.

बर्फाबद्दल मात्र तुमचंच खरं. "आधी द्रव लागतोच" हे मी चुकीचं लिहिलं होतं. हिमकण वाफेतूनच थेट वाढतो. नाकाया या भौतिकशास्त्रज्ञांनी १९३६ मध्ये जपानमध्ये सशाच्या केसावर प्रयोगशाळेत हिमकण वाढवले आणि दाखवलं की उणे १५ अंशांच्या आसपास चांदण्या होतात, उणे ५ च्या आसपास सुया. ती ओळ बदललीय, आणि ज्वालामुखीच्या भेगांशी वाफेतून जमणाऱ्या पिवळ्या गंधकाबद्दलही तिथेच लिहिलंय.