चंद्रावर गेला म्हणून सोलापुरात चालेलच असं नाही

महिन्याभरात एकच मेसेज मला चौघांनी पाठवला. मजकूर थोडक्यात असा: 'मीडियम फॉरमॅट (नेहमीच्या ३५ मिलिमीटरपेक्षा मोठ्या फिल्मचा) फिल्म कॅमेरा घ्यायचाय? डोळे झाकून हॅसलब्लाड घ्या, चंद्रावर जाऊन आलाय. परवडत नसेल तर कुठलाही पूर्ण मेकॅनिकल घ्या, बॅटरीवाल्याच्या नादी लागू नका. डबल लेन्सचे (वरच्या लेन्समधून बघायचं, खालच्यातून फोटो) यशिका-बिशिका म्हणजे शोकेसमधल्या वस्तू. आणि "मिंट कंडिशन" (म्हणजे अगदी नव्यासारखा) दिसला की सोडू नका.' चौघांतला एक नव्या पेठेतला माझा दोस्त. तो खरंच पैसे जमवून बसलाय, म्हणून हा खटाटोप.

आधी चंद्र. 'जाऊन आलाय' इथेच गडबड आहे. १९६९ साली अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी चंद्रावर वापरलेला हॅसलब्लाड तिथेच ठेवला, परत आली ती फिल्मची मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याला मागून लागणाऱ्या फिल्मच्या डब्या. शिवाय तो मोटरवर चालणारा, त्या कामासाठी खास बनवलेला कॅमेरा होता आणि त्यात मीडियम फॉरमॅटचा आपला नेहमीचा १२० चा रोल नव्हे, ७० मिलिमीटरची फिल्म होती. तुमच्यापुढे विकायला येतो तो हॅसलब्लाडचा ५००सी/एम. कुठल्याशा स्टुडिओत वर्षानुवर्षं राबून नंतर कपाटात पडून राहिलेला. त्याच कंपनीचा १९४८ चा १६००एफ शटरच्या दुखण्यांसाठीच ओळखला जातो. १९५७ च्या ५००सी मध्ये शटर बॉडीतून काढून लेन्समध्ये बसवलं, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

कॅमेरा उत्तम आहे, वाद नाही. पण बॉडी आणि लेन्स दोन्ही कॉक केलेल्या (स्प्रिंग ताणून सज्ज) नसताना लेन्स बदलायला गेलात की तो जाम होतो, आणि नवशिका पहिल्याच आठवड्यात हे करतोच. शटर प्रत्येक लेन्समध्ये वेगळं, म्हणजे तीन लेन्स घेतल्या की सर्व्हिसिंगचा खर्चही तिप्पट.

मेकॅनिकल म्हणजे भरवशाचा? मग कीव्ह ८८ घ्या की! पूर्ण मेकॅनिकल आहे, त्या १६००एफ चीच नक्कल आहे आणि शटर कधी रुसेल त्याचा नेम नाही. पेंटाकॉन सिक्सही बॅटरी मागत नाही, पण फ्रेमवर फ्रेम चढवण्याची त्याची खोड जुनी आहे. बॅटरीवाल्यांचं दुखणं वेगळं. सेल संपला की पेंटॅक्स ६७ गप्प बसतो, मामिया आरझेड६७ चं शटर फक्त १/४०० सेकंदावर चालतं, ब्रोनिका एसक्यू-ए फक्त १/५०० वर. पण त्यावर उपाय खिशातला एक जादा सेल. खरी भीती सर्किटची, ते गेलं तर दुसऱ्या मेलेल्या कॅमेऱ्यातूनच काढावं लागतं. मेकॅनिकलच हवा आणि वजन झेपत असेल तर मामियाचाच आरबी६७ घ्या. लेन्ससकट अडीच किलोच्या वर जातो. गड्ड्याच्या यात्रेत तो गळ्यात घालून नंदीध्वजांमागे फिरून दाखवा, चहा माझ्याकडून.

आता डबल लेन्स. मला खरा राग या मुद्द्याचा आहे. आपल्या आजी-आजोबांचे लग्नातले चौकोनी फोटो काढले कशावर, तर बहुतेक याच 'शोकेसमधल्या वस्तूं'वर. उडणारा आरसा नाही, लेन्स काढघाल नाही, वेगळं मॅगझिन नाही. बिघडायला मुळात भागच कमी. यशिका मॅट १२४जी १९७० पासून १९८६ पर्यंत बनत होता. त्याचा उजेड मोजणारा मीटर १.३५ व्होल्टच्या पाऱ्याच्या सेलवर चालायचा, तो सेल आता मिळत नाही आणि १.५ व्होल्टचा घातला की मीटर चुकतं सांगतो. पण मीटर मेला तरी शटरचं काही अडत नाही. आणि एप्रिलमधल्या सोलापूरच्या उन्हाला मीटर कशाला? १०० ची फिल्म, लेन्सचं छिद्र एफ/१६, शटर १/१२५, बस्स.

कॅमेरा तपासायचा कसा, हे मला पूर्व भागातल्या एका निवृत्त स्टुडिओवाल्या काकांनी शिकवलं. मी नेलेला डबल लेन्सचा कॅमेरा त्यांनी आधी डोळ्याला नाही, कानाला लावला. एक सेकंदावर ठेवून शटर दाबलं. आत बारीक 'चर्रर्र' सुरू झालं, मध्येच अडखळलं, मग कसंबसं संपलं. "दमेकरी आहे," म्हणाले, "आतलं तेल वाळलंय." मग मागचं झाकण उघडून शटर 'बी'वर, म्हणजे उघडंच, धरलं, पुढून लेन्समध्ये टॉर्च मारला आणि मला मागून बघायला सांगितलं. काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे. "समुद्राकडचा माल दिसतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत बुरशी एवढी नाही धरत. आपल्याकडे ग्रीस वाळतं." शेवटी फिल्मच्या जागी घासलेली, धुरकट काच बसवली आणि समोरच्या खिडकीचे गज वरच्या काचेत आणि खालच्या काचेत एकाच वेळी स्पष्ट दिसतात का ते पाहिलं. दिसत नव्हते. दहा मिनिटांत तीन रोग निघाले, आणि कॅमेरा बाहेरून चकचकीत.

१/५०० प्रत्यक्षात थोडा मंद निघाला तर मात्र घाबरू नका. एवढ्या वयाच्या शटरमध्ये ते चालायचंच, निगेटिव्ह फिल्म तेवढं पोटात घालते. हळू स्पीड अडकणं हे खरं लक्षण.

'मिंट'बद्दल फार लिहीत नाही, माझीच शोभा होईल. असाच एक मिंट एसएलआर (एकाच लेन्समधून आरशावाटे बघायचा कॅमेरा) मी फोटो बघून मागवला होता. कंपनीचं आणि विकणाऱ्याचं नाव राहू द्या. सिद्धेश्वर तलावाकाठी पहिला रोल काढला. बाराच्या बारा फ्रेमवर उजव्या कडेला पांढरा पट्टा, मंदिराचं शिखर अर्धं गिळलेलं. मॅगझिनमधली प्रकाश अडवणारी पट्टी कुजली होती. पट्टी काही रुपयांची, पण ती बसवून घ्यायला हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याच्या दोन खेपा झाल्या.

दोस्ताला मी एवढंच कळवलंय की जो कॅमेरा हातात घेऊन बघता येईल आणि ज्याचं शटर उघडायला तयार असलेला माणूस फोनवर 'या' म्हणेल, तोच घे. त्याला काकांकडे एक जुना डबल लेन्सचा रोलीकॉर्ड दिसलाय. काका विकायला तयार नाहीत, पण रविवारी चहाला बोलावलंय.