पुण्याचे 15 लाख म्हणजे नागपूरचे 8 लाख? मांडा हिशेब

"पुण्यातले 15 लाख आणि नागपुरातले 8 लाख सारखेच. घरी या, मजेत राहा." दर दिवाळीला हा मेसेज आमच्या फॅमिली ग्रुपवर येतो. मी स्वतः पुण्यातलं वाकड सोडून नागपूरच्या मनीषनगरला आलो, पण हे गणित चुकलंय, बावा.

2025-26 च्या नव्या कररचनेत 15 लाख पगारातून 75,000 चं स्टँडर्ड डिडक्शन वजा केलं की सेससकट 97,500 रुपये कर लागतो. 8 लाखांवर शून्य. म्हणजे कर भरूनही पुणेकराकडे वर्षाला 6,02,500 जास्त, महिन्याला 50,000. मेसेज खरा ठरायचा तर त्याच कुटुंबाचा पुण्यातला खर्च महिन्याला 50,000 नी वाढायला हवा. टू-बीएचकेच्या भाड्यात फरक 15,000 धरा, 20,000 धरा. बाकीचे 30,000 जातात कुठे? मिसळीवर?

"तिकडे सगळंच महाग." वीज दोन्हीकडे महावितरणचीच, दर तेच, उलट इथे जून सरेपर्यंत कूलर बंद होत नाही. सिलिंडर तर नागपुरातच महाग. व्यवसाय कर इथेही 2,500, तिथेही.

सरकार काय करतं? सातव्या वेतन आयोगात घरभाड्यासाठी शहरांचे वर्ग आहेत: पुणे एक्स वर्गात, नागपूर वाय वर्गात. केंद्रीय कर्मचाऱ्याला घरभाडे भत्ता तिथे मूळ पगाराच्या 30 टक्के, इथे 20. मूळ पगार तोच. सिव्हिल लाइन्समधल्या बाबूची पुण्याला बदली झाली म्हणून त्याचा पगार दुप्पट होत नाही.

मेसेजमध्ये पुण्यातल्या हिंजवडीच्या ट्रॅफिकचाही टोमणा असतो, तेवढा मात्र खरा. मी त्यालाच कंटाळून आलो.

मग 8 लाखांत मजेत असलेले लोक खोटं सांगतात का? नाही. त्यांचं इथल्या महाल भागात वडिलांचं घर आहे. भाडं नाही, पोरं सांभाळायला आजी, गहू-तांदूळ गावाहून. ही स्वस्ताई नागपूरची नाही, बाबांची आहे. गोंदियाहून येऊन इथल्या नंदनवन भागात खोली घेतलेल्या पोराला ती कुठून मिळणार? पगार ठरवताना एचआरवाले त्यालाही हेच ऐकवतात.

मलाही ऐकवलं होतं. मी म्हटलं, भाड्यात जेवढा फरक पडतो तेवढाच पगार कमी घेईन, त्यावर एक रुपया सोडणार नाही. तीन आठवडे फोन आला नाही. मग आला.