मामा, ढोली बुजवू नका

दोडामार्गहून मामांचा फोन आला. "अरे, ता पाखरू ऐन मारता. ढोल सिमेंटान बुजवतंय." ऐन म्हणजे त्यांच्या रानातलं झाड, ढोल म्हणजे त्याच्या खोडातली पोकळी. हे कुठून निघालं, तर व्हॉट्सॲपवरून. मेसेज म्हणतो: सुतार पक्षी जिवंत झाड पोखरून मारतो, ढोल्या सिमेंटने बंद करा, वाळकी झाडं रोग पसरवतात, तोडून टाका, आणि सुताराची जीभ मेंदूभोवती गुंडाळलेली असते, म्हणून त्याला धक्का बसत नाही.

सिमेंटचं आधी, कारण त्यात जीव जातो. मामांच्या ऐनावर आहे तो पांढऱ्या पोटाचा काळा सुतार, कावळ्याहून मोठा, डोक्यावर लाल तुरा. जानेवारी ते मे त्याची वीण चालते. आत पिल्लं असताना तोंड बुजवलंत तर ती तिथेच मरणार! १९७२च्या वन्यजीव कायद्यात रानपक्ष्यांची अंडी-घरटी नासणं ही शिकारच धरली आहे.

आणि झाड मारतो म्हणे. दिवाळीत मी त्याच ऐनाखाली उभा होतो. शेंडा कधीचाच वाळलेला, खोडावर अळंबी, लाकडात नख रुतत होतं. खोड आधी कुजलं, त्यात अळ्या झाल्या, मग सुतार आला. माड मरतात तेही गेंड्या आणि सोंड्या भुंग्याने. एक मान्य करतो: केरळात कोकोच्या फळांना सुतार भोकं पाडतात, नुकसान होतं. पण म्हणून रानातल्या ऐनाला सिमेंट?

वाळकं झाड घरावर झुकलं असेल तर तोडा, पिल्लं उडाल्यावर. रानातलं राहू द्या. सुताराने सोडलेल्या ढोलीत पिंगळे, साळुंक्या, पोपट राहतात. त्यांना खोड कोरता येत नाही. जपानच्या त्सुशिमा बेटावर याच जातीचे सुतार होते. शिकार आणि जंगलतोडीने ते १९२०च्या सुमारास संपले.

जिभेचं अर्धं खरं आहे. तिचा हाडांचा आधार मागून डोक्यावर वळसा घेतो, पण कवटीच्या बाहेरून. धक्क्याबद्दल २०२२ साली अँटवर्प विद्यापीठाच्या सॅम व्हान वासेनबर्ग आणि सहकाऱ्यांनी तीन जातींचे अतिवेगवान व्हिडिओ मोजले. डोकं धक्का शोषत नाही, हातोड्यासारखं घट्ट राहतं. शोषलं असतं तर घावाचा जोरच गेला असता. मेंदू लहान, म्हणून निभावतो.

मामांनी ऐकलं. सिमेंट गोठ्याच्या पायरीला लावतो म्हणाले. मेसेज ज्या ग्रुपवर आला, तिथेच हे टाकतोय.