माया, अ‍ॅझ्टेक, इंका आणि आपला मयासुर

अमेरिका खंडांतल्या जुन्या संस्कृतींबद्दल व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर पुन्हा पुन्हा येतो: ‘माया, अ‍ॅझ्टेक, इंका ही एकाच संस्कृतीची तीन नावं. ती मयासुराने वसवली. ज्यांना चाकही ठाऊक नव्हतं, त्यांना एवढी भव्य बांधकामं स्वतःहून जमणं शक्यच नाही. पुढे माया लोक एकाएकी नाहीसे झाले.’ माझ्या जवळची, शिकलेली माणसं हे पुढे पाठवतात, म्हणून नीट उत्तर द्यावंसं वाटलं.

आधी मयासुर. ‘माया’ हे नाव मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाकडचं. त्याच भाषाकुळातल्या सगळ्या लोकांना ते सरसकट लागू झालं ते स्पॅनिश आल्यानंतर. शिवाय हे लोक लिहीत होते. १९५२ साली युरी क्नोरोझोव्ह या सोव्हिएत अभ्यासकाने त्यांच्या लिपीतली चिन्हं अक्षरध्वनी दाखवतात हे मांडलं आणि पुढे शिलालेख वाचता येऊ लागले. त्यांत राजा म्हणजे ‘अहाव’, सूर्य म्हणजे ‘किन’, जग्वार म्हणजे ‘बालाम’. संस्कृतशी नातं सांगणारं यात काही नाही. नावातल्या दोन अक्षरांवर सोयरीक जुळत नाही.

‘एकच संस्कृती’ हे तर नकाशा न बघता केलेलं विधान. अ‍ॅझ्टेकांची राजधानी तेनोच्तित्लान (आजची मेक्सिको सिटी) आणि इंकांची राजधानी कुस्को (आजच्या पेरूत) यांत साडेचार हजार किलोमीटरहून अधिक अंतर. तेनोच्तित्लानशेजारच्या त्लातेलोल्कोच्या बाजारात कोकोच्या बिया नाण्यांसारख्या चालत. इंकांच्या राज्यात प्रजा कर भरायची तो मुख्यतः अंगमेहनतीने, पाळीपाळीने रस्ते, शेतं, कोठारं सांभाळून. हिशेबाची रीतही वेगळी. माया वीसच्या पटीत मोजत आणि शून्यासाठी शिंपल्यासारखं चिन्ह काढत. इंकांकडे अशी लिपी नव्हती, पण ‘किपू’ होता: दोऱ्यांचा झुबका, त्यात गाठीचा प्रकार आणि दोरीवरची तिची जागा यांवरून एकं, दहं, शतं कळे. मला या सगळ्यात सर्वांत मोहवतो तो हा किपू. एवढं मोठं साम्राज्य दोऱ्यांच्या गाठींवर हिशेब ठेवत होतं! त्याला कुणाची तरी नक्कल म्हणणं हा त्या बुद्धीवर अन्याय आहे.

चाकाचं म्हणाल, तर मेक्सिकोच्या आखाताकाठी चाकांची मातीची खेळणी सापडली आहेत. कल्पना होती, गाडा ओढायला बैल-घोडा नव्हता. इंकांच्या अँडीज पर्वतात लामा हा उंटाच्या कुळातला प्राणी होता, पण तो पाठीवर ओझं वाहणारा, आणि तिथल्या वाटा कित्येक ठिकाणी पायऱ्यांच्या.

राहिलं ‘एकाएकी नाहीसे होणं’. आठव्या-नवव्या शतकांत दक्षिणेकडची तिकाल, कोपानसारखी शहरं ओस पडत गेली हे खरं. लढाया आणि दुष्काळ ही त्यामागची कारणं अभ्यासक देतात. पण त्याला दीडशेच्या आसपास वर्षं लागली, आणि उत्तरेत चिचेन इत्झा त्यानंतरही गजबजलेलं होतं. इत्झा या माया गटाची शेवटची स्वतंत्र राजधानी नोहपेतेन स्पॅनिशांनी घेतली १६९७ साली. इकडे त्या वर्षी जिंजीला मोगलांचा वेढा चालू होता. इतकी ती गोष्ट अलीकडची.

आणि माणसं? ग्वातेमालात आज वीसहून अधिक माया भाषा बोलल्या जातात. १९९२ साली शांततेचं नोबेल मिळालेल्या रिगोबेर्ता मेंचू कीचे या माया गटातल्या आहेत.