दसरा काढणे आहे

पितृपंधरवडा लागला की आमच्या घरात पितरांच्या आधी माळ्याची आठवण निघते. सकाळचा चहा होतो न होतो तोच आई विषय काढते, "यंदा घट लवकर आलेत बरं का." घट लवकर आले तर घाई करायची असते. उशिरा आले तर, "आता हाताशी वेळ आहे, नीट करू की," असं असतं. माझी सुटका दोन्हीकडून नाही.

आई करमाळ्याकडची. तिकडे याला दसरा काढणं म्हणतात. घटस्थापनेच्या आत घरातलं जे जे धुता येईल ते धुवायचं, जे धुता येणार नाही ते पुसायचं, आणि जे पुसताही येत नाही त्याला ऊन दाखवायचं. पुण्यात येऊन तिला जमाना झाला, पण या नियमात तिने शहराला कसलीही सूट दिलेली नाही. दिवाळीची साफसफाई तिच्या लेखी किरकोळ. ती पाहुण्यांसाठी असते, तेव्हा पाहुण्यांना दिसेल तेवढी केली तरी भागतं. दसरा काढायचा तो देवीसाठी, आणि देवीला माळ्यावरचंही दिसतं. या युक्तिवादाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही.

आता यातली खरी गोम कालनिर्णयात आहे. अधिक महिना आधी येऊन गेला की नवरात्र लांबतं. 2023 साली अधिक श्रावण होता, घट बसले 15 ऑक्टोबरला. पाऊस आटोपलेला, गच्ची भाजून निघालेली, सकाळी टाकलेलं दुपारी कडकडीत वाळलेलं. 2025 साली मात्र घट आले 22 सप्टेंबरला. वेधशाळेच्या हिशेबाने मोसमी पाऊस मुंबईतून काढता पाय घेतो तोच मुळी 8 ऑक्टोबरच्या आसपास, आणि आमच्याकडूनही साधारण त्याच सुमाराला. म्हणजे पंचांग म्हणणार धुवा आणि वेधशाळा म्हणणार वाळवून दाखवा. या दोन खात्यांचा एकमेकांशी काही पत्रव्यवहार आहे असं वाटत नाही.

सुरुवात माळ्यापासून होते, कारण धूळ वरून खाली येते. हे तत्त्व आईचं. माझी उंची पाच फूट दहा इंच आहे. एरवी घरात या उंचीचं कुणाला कौतुक नसतं, पण या पंधरवड्यात मला एकदम मागणी येते. मी शिडीवर, आई खाली पाटावर, मधे ही. वरून मी वस्तू द्यायची, हिने ती पुसायची आणि आईने तिची हजेरी घ्यायची. साफसफाई हे नाव आपलं लोकांना सांगायला. मुळात ही हजेरीच असते. कुठली वस्तू गैरहजर नाही ना, याची खात्री झाली की सगळं होतं तिथं वर.

"स्टोव्ह?"

"आहे."

"पिनांची पुडी?"

"स्टोव्हला बांधलीये."

रॉकेल रेशनवर मिळेनासं झालं त्यालाही आता वर्षं लोटली. पण स्टोव्ह आहे आणि त्याच्या पिनाही आहेत. मग मिक्सरचं खोकं. मिक्सर घेतला तेव्हा दुकानदाराने सांगितलं होतं की वॉरंटी संपेपर्यंत खोकं जपून ठेवा. वॉरंटी संपली, मिक्सर संपला, त्याच्यानंतरचाही संपला. खोक्याची तब्येत ठणठणीत आहे. त्यात श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत, आणि त्या डब्यांत त्यांच्याहून लहान रिकामे डबे. पाळण्याच्या कड्या आहेत. ज्याच्यासाठी त्या आणल्या तो आता आठवीत आहे आणि खाली उभा राहून मोबाईलवर माझं चित्रीकरण करतो आहे.

थर्माकोलच्या मखराची भानगड आणखी वेगळी. मार्च 2018 मध्ये राज्यात प्लॅस्टिक आणि थर्माकोलवर बंदी आली. तेव्हापासून आमचं मखर भूमिगत आहे. गणपतीला बाहेर काढता येत नाही, घंटागाडीवाला घेत नाही, भंगारवाला हातही लावत नाही. तेव्हा दरवर्षी ते अलगद खाली येतं, ही त्याच्या कमानीतली धूळ जुन्या टूथब्रशने काढते, आणि ते अलगद वर जातं. त्याची सोनेरी टिकली पडली तर चिकटवली जाते. कशासाठी, हे विचारायची पद्धत नाही.

पण माळ्याचा खरा मानकरी तांब्याचा बंब. गीझर आल्यापासून त्यात कुणी चमचाभरही पाणी तापवलेलं नाही. तरी तो वर्षातून एकदा खाली उतरतो, आणि चिंच, मीठ, वर थोडी राख असा त्याचा अभिषेक होतो. पितांबरीचं पाकीट घरात असतं, पण ते बारक्या भांड्यांना, बंबाला चिंचच. चिंचेतल्या टार्टारिक आम्लाने तांब्यावरचा ऑक्साइडचा थर विरघळतो, असं चिरंजीवांनी ऐटीत जाहीर केलं. आई म्हणाली, "ते आम्ल-बिम्ल जाऊ दे. चिंच जुनी पाहिजे, नव्या चिंचेनं निघत नाही." मग त्यालाच घासायला बसवलं. काळ्याकुट्ट अंगावर चिंचेचा हात फिरला की आधी नुसता गढूळ ओघळ येतो, आणि त्या ओघळाखालून एकदम गुलाबी तांबं डोकावतं. तो क्षण खरोखर बघण्यासारखा असतो, पोरगंही मोबाईल ठेवून बघत राहिलं. नंतर बंब कोरडा करून, जुन्या धोतरात गुंडाळून वर ठेवला. तिथे तो काळजीपूर्वक पुन्हा काळा पडायला लागतो.

पंख्याचं फार सांगत नाही. पात्यावर उशीचा जुना अभ्रा चढवायचा आणि अलगद ओढायचा, म्हणजे धूळ अभ्र्यात राहते, असा हिने कुठेतरी व्हिडिओ पाहिला होता. युक्ती खरी आहे. धूळ अभ्र्यातच राहते. फक्त शिडीवरून उतरताना तो अभ्रा उलटा धरायचा नसतो, हे व्हिडिओत नव्हतं. स्वयंपाकघरातले डबे, रव्यातली पोरकिडी, मुदत उलटलेल्या गोळ्या, कुठल्याच यंत्राला न लागणारे चार्जर, हे सगळं यथासांग झालं. चार्जर टाकून द्यायला काढले होते. "असू दे, कधी लागला तर," म्हणून ते पुन्हा खणात गेले.

आणि मग गोधड्या.

ज्यांच्या घरी गोधडी नाही त्यांना हे प्रकरण कळायचं नाही. गोधडी म्हणजे जुन्या सुती साड्या आणि धोतरांचे थरावर थर, आणि त्यांवर काठापासून आत आत फिरत गेलेला धावदोरा. कोरडी असते तेव्हा कशीबशी काखेत मावते. पण एकदा पाणी प्यायली की तिचा नूर पालटतो. मग तिला उचलायला दोन माणसं लागतात आणि पिळायला दोघांचं पटावं लागतं. मी घड्याळाच्या दिशेने पिळत होतो. ही घड्याळाच्या उलट दिशेने पिळत होती. समोरासमोर उभं राहून दोघांनी असं पिळलं की पीळ बसतच नाही, हे सगळ्या नवरा-बायकोंना माहीत असतं, पण दिशा आधी कुणी बदलायची यावर आमची सकाळ गेली.

आईच्या लहानपणी ही कामं नदीवर व्हायची. गाडीत गोधड्या, भाकऱ्या, सोड्याची पुडी आणि झाडून सगळी पोरं घालून बायका दिवसभरासाठी जात. दगडावर धोपटायच्या, झुडपांवर पसरायच्या आणि वाळेपर्यंत जेवण आणि गप्पा. तिच्या सांगण्यात ती सहल असते. आमच्याकडे नदीच्या जागी दीड बादलीचं बाथरूम आहे. गुरुवारी पाणी बंद. गच्चीवर अर्ध्या भागात सोलर, उरलेल्या अर्ध्यात दोऱ्या, आणि दोऱ्यांवर पहाटेच इतर मजल्यांच्या चिमट्यांनी जागा धरून ठेवलेल्या.

एक गोधडी मी वॉशिंग मशीनमध्ये घातली. मशीनवर सात किलो लिहिलेलं असतं ते कोरड्या कपड्यांचं वजन. गोधडी घालताना सात किलोच्या आतच होती. पाणी आत आल्यावर ती आपल्या मूळ स्वभावावर गेली, एका बाजूला बसली, आणि पिळायची वेळ आली तसं मशीन चालायला लागलं. चालायला म्हणजे खरंच चालायला. नळीचा लगाम ताणत ते दारापर्यंत आलं. आई देवघरातून ओरडली, "आरं, धर की त्याला!" मी मिठी मारून धरलं. पिळणं पूर्ण होईपर्यंत मी आणि मशीन दोघेही थरथरत होतो.

उरलेल्या गोधड्या मग धुलाई सेंटरला नेल्या. या दिवसांत आमच्या रस्त्यावर पत्र्याच्या शेडमध्ये असं एखादं सेंटर उगवतंच. 'येथे गोधडी, ब्लँकेट, सोलापुरी चादर, सतरंजी धुऊन मिळेल' असा फलक, आत हॉटेलच्या मोरीएवढं मशीन, आणि बाहेर रिक्षातून, टेम्पोतून, स्कूटीच्या पुढ्यातून उतरणारे गठ्ठेच गठ्ठे. आईला हे मान्य नव्हतं. "कुणाच्या गोधड्यांबरोबर धुतील कुणाला ठाऊक." पण बाहेर आभाळ भरून आलं होतं आणि घरात मशीनचा पाय मुरगळला होता. पोऱ्याने प्रत्येक गोधडीला चिंधी बांधली, तिच्यावर मार्करने नंबर घातला, आणि परवा या म्हणाला.

परवा गेलो तर चिंध्या होत्या, त्यांवरचे नंबर धुतले गेले होते. धुलाई चांगली होती, यात वाद नाही.

मी अंदाजाने रंग जुळवून आमच्या आणल्या. आईने घरी एकेक उलगडली, तिसरीला हात थांबला. वरून सगळं तसंच होतं, हिरवं लुगडं, तांबडा काठ. तिने कोपरा उलटला, टाक्यावर नख फिरवलं आणि गोधडी माझ्या अंगावर टाकली. "ही आपली न्हाई. आपल्या गोधडीत माझ्या आईचं इरकली लुगडं आहे, मधोमध, काठ आत दुमडून घातलाय. आणि हे टाके बघ. ह्यात माझं बोट जाईल."

म्हणून आईला घेऊन पुन्हा सेंटरवर. तिथे इंदापूरकडच्या एक बाई आधीच पोऱ्याला फैलावर घेत होत्या. त्यांच्या हातात आमची गोधडी. दोघींनी एकमेकींकडे पाहिलंच नाही, आधी एकमेकींच्या हातातल्या गोधड्या पाहिल्या.

"तुमची का ही? मी म्हटलंच, आमची एवढी जड न्हवती."

"जड असणारच. सात लुगडी आहेत आत."

"सात? मग मधे गोळा झालाय त्यो त्यामुळं."

"गोळा न्हाई हो, इरकली आहे त्ये."

रस्त्यावरच फुटपाथवर दोन्ही गोधड्या अंथरल्या गेल्या. बाईंनी आमच्या कोपऱ्यांना नावं ठेवली, आईने त्यांच्या धाग्याला. इकडचा टाका तांदळाएवढा, तिकडचा गव्हाएवढा. जाणाऱ्या-येणाऱ्या बायका थांबून मत देत होत्या. एक रिक्षावाला त्याच्या आजीच्या गोधडीबद्दल सांगायला लागला. मी दोन गोधड्यांच्या मधे चपला हातात घेऊन उभा होतो, कारण पाय कुठेच ठेवायची सोय नव्हती. तासाभराने कळलं की भांडण कधीच संपलंय आणि आता दोघी माहेरची गावं जुळवत आहेत. शिवाय त्या बाई गोधड्या शिवून देतात. मागणीप्रमाणे.

"साड्या तुमच्या, दोरा माझा," त्या म्हणाल्या.

आईने त्यांना तिथूनच घरी आणलं. वास्तविक आमच्याकडे गोधड्या भरपूर आहेत. त्यातून नवरात्राचे नऊ दिवस आई गादी-गोधडीला शिवत नाही, व्रत म्हणून नुसत्या चटईवर झोपते. म्हणजे एवढं सगळं धुऊन, वाळवून, घड्या घालून ठेवायचं, आणि जिच्या हुकुमावरून हे झालं ती उघड्या चटईवर. मी हे बोलून दाखवलं. आई म्हणाली, "व्रत माझं आहे. थंडी तुम्हाला वाजती."

हिने कपाटातून साड्यांचा ढीग काढला. इतके दिवस माझ्या शिडीवरच्या कसरतींना हसणारी ही आता प्रत्येक साडी धरून, "ही नको, ही बारशातली," असं म्हणायला लागली. बाईंना त्या आठवणींचं काही नव्हतं. त्या पदर चिमटीत धरत, चुरगाळत आणि बाजूला टाकत. "ही सिंथेटिक. ही पण. ही अंगाला चिकटती. सुती काय न्हाई का घरात?"

आई विचारात पडली. हीही विचारात पडली. बाईंनी घरभर नजर फिरवली, मग उठून माझ्याजवळ आल्या आणि मी घातलेल्या सदऱ्याची बाही बोटांत धरून चोळून पाहिली.

"अस्तराला चालंल," त्या आईला म्हणाल्या. "असे आणखी किती आहेत?"