बीपी आहे म्हणून रक्त थांबवायचं औषधच नाही? साफ चूक

एक मेसेज सध्या जोरात फिरतोय आणि तो नेमका दिवस भरत आलेल्या बायकांपर्यंत, त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचतोय, म्हणून लिहायला बसले. मेसेज असा: बीपीवाल्या बाईला डिलिव्हरीनंतर जास्त ब्लीडिंग झालं तर गर्भपिशवी आवळून रक्त थांबवायचं एकही औषध चालत नाही, सगळ्यांनी बीपी चढून मेंदूत रक्तस्राव होतो. उलट थोडं रक्त गेलेलं बरं, बीपी उतरतं, आणि उतरलं की मेथर्जिन (पिशवी आवळायचं एक इंजेक्शन) चालतं. शेवटी, ट्रानेक्झामिक ॲसिड (रक्तस्राव कमी करायचं औषध) घेऊ देऊ नका, गुठळ्या होतात.

मी लेबर रूममध्ये काम करते. एकेक घेते.

एकही औषध चालत नाही, हे सरळ खोटं आहे. पहिलं औषध ऑक्सिटोसिन, बीपी असो नसो तेच पहिलं. बाळ बाहेर आल्यावर 10 युनिट स्नायूत देतात ते ब्लीडिंग होऊ नये म्हणून आणि ब्लीडिंग सुरू झालंच तर सलाईनमधून चालू ठेवतात. त्याने बीपी चढत नाही, उलट शिरेतून एकदम ढकललं तर पडतं आणि नाडी धावते, म्हणून ते हळू द्यायचं असतं.

मेथर्जिनबद्दल मेसेजमध्ये अर्धं खरं आहे आणि तेच घातक ठरतंय. हे औषध पिशवीबरोबर अंगातल्या रक्तवाहिन्याही आवळतं, त्यामुळे बीपी वाढलेल्या किंवा प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी वाढून इतर अवयवांवरही परिणाम करणारा आजार) असलेल्या बाईला ते द्यायचं नसतं, झटके येऊ शकतात, मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, हृदयाच्या रक्तवाहिन्या आखडू शकतात. ऑक्सिटोसिन आणि अर्गोमेट्रिन (मेथर्जिनच्याच जातीचं औषध) एकत्र असलेलं इंजेक्शनही त्याच कारणाने बाद. पण म्हणून ट्रेमधलं एक औषध बाजूला ठेवायचं, अख्खा ट्रे नाही!

आता "थोडं रक्त गेलेलं बरं". हे वाचून मला खरंच राग आला. प्रीएक्लॅम्प्सियात बाईला सूज दिसते पण पाणी रक्तवाहिन्यांच्या बाहेर साठलेलं असतं, आत रक्ताचं प्रमाण आधीच कमी, त्यामुळे दुसरी बाई जेवढं रक्त जाणं सोसते तेवढं हिला सोसत नाही. कळा देताना 160/110 असलेली बाई तासाभरात 110/70 वर आली की घरचे म्हणतात, बरं झालं, बीपी नॉर्मल आलं. नाही हो, तिच्यासाठी ते नॉर्मल नाही, ते कोसळणं असू शकतं! अशा वेळी मी मशीनवरच्या आकड्यावर थांबत नाही, नाडी मोजते, वरच्या बीपीच्या आकड्याच्या जवळ नाडी जायला लागली की धोका, आणि एक हात पोटावर ठेवते. आवळलेली पिशवी बेंबीखाली चेंडूसारखी टणक लागते, सैल असेल तर हाताला काहीच ठाम लागत नाही आणि चोळलं की खालून गुठळ्या येतात. हात काढायचा नाही, तोवर दुसरीने औषध भरायचं.

"बीपी उतरलं की मेथर्जिन चालतं" तेही याच चुकीतून आलंय. स्नायूत दिलेल्या मेथर्जिनचा परिणाम काही तास राहतो. तोवर सलाईन जातं, रक्त चढतं, बीपी परत वर येतं आणि रक्तवाहिन्या तर आवळलेल्याच.

मग ऑक्सिटोसिनने भागलं नाही तर? कार्बोप्रोस्ट आहे, 250 मायक्रोग्रॅम, फक्त स्नायूत, शिरेत कधीच नाही. त्यानेही काहींचं बीपी वाढतं म्हणून लक्ष ठेवून देतात, पण दमा असेल तर ते टाळायचंच. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या आहेत, 800 मायक्रोग्रॅम जिभेखाली, थंडी वाजून ताप येतो, तो औषधाचा असतो, बीपीची अडचण नाही. तरीही थांबलं नाही तर पिशवीत फुगा घालून दाब देतात, टाके घालतात. पिशवी काढणं सगळ्यात शेवटी.

ट्रानेक्झामिक ॲसिडचं तर 2017 सालीच स्पष्ट झालंय. वुमन ट्रायल नावाच्या औषधाच्या मोठ्या चाचणीत वीस हजारांवर बायका होत्या, औषध मिळालेल्यांमध्ये रक्तस्रावाने होणारे मृत्यू कमी झाले आणि गुठळ्यांचं प्रमाण वाढलं नाही. 1 ग्रॅम, शिरेतून साधारण 10 मिनिटांत, आणि बाळंतपणानंतर 3 तासांच्या आत सुरू करायचं, जितकं लवकर तितकं बरं. हे पिशवी आवळत नाही, रक्ताची गाठ टिकवतं, म्हणून ते बाकीच्या औषधांच्या जोडीला असतं, त्यांच्या जागी नाही.

एक गोष्ट मेसेजमध्ये नाहीच. झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू असेल तर त्याने पिशवी थोडी सैल पडू शकते. ते ब्लीडिंगच्या भीतीने आपलं आपण बंद करायला सांगायचं नाही, आम्ही तशा बाईजवळ पिशवी आवळायची औषधं आधीच काढून ठेवतो.

घरच्यांनो, ॲडमिट करताना दोन गोष्टी न विचारता सांगा: बीपी आहे का आणि गोळ्या कोणत्या चालू आहेत, आणि दमा आहे का, लहानपणी होता आणि आता नाही असं असलं तरी. मागच्या वेळी एकीचा पंप तिच्या पर्समध्येच होता, आम्हाला कळलं तेव्हा कार्बोप्रोस्ट सिरिंजमध्ये भरून झालं होतं.